दीपगृह उजवीकडे

माझ्या मामाला त्याचे मित्र ‘भागूबाई’ म्हणतात. पाठीमागे नाही, तोंडावर. आणि मामा त्या नावाला ओ देतोसुद्धा. तो गाद्या आणि बैठका शिवतो. सोफे, दातांच्या डॉक्टरांच्या खुर्च्या, जुन्या मोटारींच्या सीटा, जे येईल ते. त्याचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे शिलाई मशीन, मागे फोमचे ढीग, भिंतीवर रेक्झिनची भेंडोळी, आणि दारात नेहमी एखादी उसवलेली खुर्ची पोट उघडं टाकून पडलेली. त्या खोलीत मामा कुणाला भीत नाही. तिथून बाहेर पाऊल टाकलं की मात्र सगळ्याला भितो.

लिफ्टमध्ये तो पाय ठेवत नाही. गॅसचं बटण बंद करून जिना उतरतो आणि पुन्हा वर जाऊन बघून येतो. अवेळी फोन वाजला की उचलण्याआधीच त्याचा चेहरा उतरतो. कुत्रा दिसला की तो रस्ता बदलतो. आई सांगते, एकदा त्याच्याकडे बघून कुत्र्यानेच रस्ता बदलला होता. आजी जिवंत होती तोवर रोज एकदा तरी म्हणायची, “अरे, भित्यापाठी ब्रह्मराक्षस!” त्यावर मामा शांतपणे म्हणायचा, “तेच तर सांगतोय. तो आहेच पाठीमागे.”

आणि अशा माणसाची बायको कोण? तर बंदरात लाँच चालवणारी. दूर नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांवर खलाशी, मेकॅनिक, भाजीच्या गोण्या, औषधं पोचवायची, हे मामीचं काम. इंजिनाच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय लागलेली, त्यामुळे घरात मीठ मागितलं तरी शेजारचे दचकायचे. हे लग्न जमलं कसं, हे आमच्या घरातलं न सुटलेलं कोडं. मामी मात्र सरळ उत्तर द्यायची. “दोघंही माझ्यासारखे असतो तर घराला आग लागली असती. दोघंही यांच्यासारखे असतो तर चूलच पेटली नसती.”

बंदरातल्या एका म्हाताऱ्या कप्तानाने लेकीकडे राहायला जाताना आपली शिडाची छोटी बोट मामीला दिली. छोटी म्हणजे खरंच छोटी. आत दोन माणसं आडवी होतील एवढी केबिन, बाहेर मागच्या बाजूला बसायची खोलगट जागा, तिथे सुकाणूचा लाकडी दांडा, एक डोलकाठी, दोन शिडं. मामाने आतल्या गाद्या नव्या शिवल्या. धक्क्याला बांधलेली असली की ती बोट त्याला आवडायची. रविवारी दुपारी तो तिथे जाऊन झोपायचासुद्धा. दोर सुटले की त्याची झोप उडायची.

त्या बोटीच्या पाठीमागे, अगदी कडेला, एक लोखंडी सांगाडा बसवलेला होता. वर प्लायवुडचं उभं पातं, खाली पाण्यात सोडलेलं वल्हं, आणि त्यापासून सुकाणूच्या दांड्यापर्यंत दोन दोर. बॅटरी नाही, मोटर नाही. पात्याची धार वाऱ्याकडे करून ठेवायची. बोट जरा वाकडी गेली की वारा पात्याच्या अंगावर येतो, पातं कलतं, खालचं वल्हं वळतं, पाणी त्याला बाजूला रेटतं, दोर ताणला जातो आणि दांडा आपोआप सरकून बोट पुन्हा जागेवर. माणसाने नुसतं बसून राहायचं.

मामीने त्या यंत्राचं नाव ‘सासूबाई’ ठेवलं.

“मागे उभ्या राहतात, तोंडातून शब्द नाही, आणि मी जरा वाट सोडली की लगेच सरळ करतात,” ती म्हणाली. आजी जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, तरी मामाने एक दिवस अबोला धरला. मग तोही ‘सासूबाई’च म्हणायला लागला.

मामीची धाकटी बहीण किनाऱ्याकिनाऱ्याने खाली गेलं की लागणाऱ्या एका गावी राहते. बोट घेऊन तिच्याकडे जायचं मामीच्या मनात आलं. दिवसा निघायचं, रात्रभर समुद्रात, सकाळी पोचायचं.

“तुम्ही बसने या,” ती मामाला म्हणाली. “मी एकटी जाते.”

मामाने रात्रभर विचार केला. ती समुद्रात आणि आपण घरी, म्हणजे खिडकीशी उभं राहून घाबरायचं. बरोबर गेलं तर निदान समोर बघून घाबरता येईल. सकाळी त्याने स्वतःची पिशवी भरली.

“येताय?” मामीने विचारलं.

“इथे घाबरायचं की तिथे, एवढंच ठरवायचं होतं.”

दिवस छान गेला. मामाने पट्टा बांधला होता आणि त्या पट्ट्याचा हूक बोटीच्या कडीत अडकवला होता. चहा प्यायलादेखील तो बांधलेलाच. अंधार पडला तेव्हा वारा डाव्या हाताने, जमिनीकडून येत होता आणि बोट दक्षिणेला चालली होती. जमीन डावीकडे, पण इतकी लांब की तिचे दिवे मोजायला मान ताणावी लागे. शीड उजवीकडे फुगलेलं. मागे सासूबाई एकदा इकडे, एकदा तिकडे मान हलवत होत्या आणि दांडा कुणी अदृश्य माणूस धरून बसल्यासारखा सरकत होता.

“आता पुढे डावीकडे एक दीपगृह दिसेल,” मामी म्हणाली. “समुद्रातल्या खडकावर आहे. त्याच्या आणि जमिनीच्या मधे सगळे खडकच. आपण त्याच्या बाहेरून जायचं. दिवा डावीकडे ठेवायचा, बस. बाकी सासूबाई बघतील. काही वाटलं तर हाक मारा.” आणि ती खाली केबिनमध्ये जाऊन झोपली. लगेच झोपली. तिला कुठेही झोप यायची.

मामा एकटा बसला. त्याने मला पुढे अनेकदा सांगितलं, की तोवर त्याला वाटायचं अंधाराला तो ओळखतो. घरातला अंधार, जिन्यातला अंधार. पण तिथे अंधाराला भिंतच नव्हती. पाणी दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. बोटीच्या अंगाला घासून मागे जाणारं, कुणीतरी सतत काहीतरी कुजबुजावं तसं. आणि समोर तो दांडा, आपोआप हलणारा. थोडा डावीकडे. थांबला. थोडा उजवीकडे. मामाने दोनदा हात पुढे केला आणि दोनदा मागे घेतला. सासूबाईंच्या कामात लुडबुड नको.

दीपगृह दिसलं. लांब, डावीकडे, बरोबर जागेवर. मामाला इतकं बरं वाटलं की त्याने दिव्याकडे बघून मान हलवली.

मग वारा पडला.

आधी कुजबूज थांबली. शीड पिशवीसारखं लोंबायला लागलं. सासूबाई एका बाजूला कलल्या आणि तशाच राहिल्या. आवाज बंद झाला म्हणून मामी जागी झाली. ज्या बाईला भांडी पडली तरी जाग येत नसे, ती शांततेने जागी झाली.

“काय झालं?” म्हणत ती वर आली. डोळे चोळत शिडाकडे बघायला उभी राहिली. “काही नाही, वारा बदलतोय. येईल आता.”

मघाशी एक मोठं जहाज लांबून गेलं होतं. मामाने त्याचे दिवे दिसेनासे होईपर्यंत त्याच्यावर नजर ठेवली होती आणि एकदाची इडापिडा गेली म्हणून सुस्कारा टाकला होता. पण जहाजाच्या लाटा मागाहून येतात. त्या अंधारात आल्या. बोट एका अंगावर झुकली, मग दुसऱ्या, आणि शिडाच्या तळाशी असलेली आडवी काठी, जी इतका वेळ वाऱ्याने एका बाजूला दाबून धरली होती, ती मोकळी सुटून गर्रकन फिरली.

मामाने आवाज ऐकला. “नारळ फरशीवर पडावा तसा,” तो सांगायचा, आणि सांगताना दर वेळी एक हात कानाशी न्यायचा.

मामी त्याच्या पायांशी पडली होती. त्याने हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. हाक निघाली ती नुसता श्वास होऊन. त्याने तिचं डोकं मांडीवर घेतलं तर हाताला गरम आणि ओलं लागलं. काठी डोक्यावरून पुन्हा एकदा फिरली. तो खाली वाकला आणि वाकूनच राहिला.

मग त्याने पट्ट्याचा हूक काढला, सकाळपासून पहिल्यांदा, आणि तिला काखेत धरून ओढत दारापाशी आणली. तिथून चार पायऱ्या खाली. रोज मोठमोठे सोफे एकट्याने उलटेपालटे करणारा माणूस तो. पण सोफा उलटताना खालची जमीन हलत नसते. कशीबशी त्याने तिला स्वतः शिवलेल्या गादीवर निजवलं. बॅटरी लावून पाहिलं. कानाच्या वर फुटलं होतं. टॉवेल दाबून धरला.

तेवढ्यात वर वारा परत आला. शीड फट्कन भरलं, बोट कलली, पाणी पुन्हा कुजबुजायला लागलं. मामाला हायसं वाटलं. बोट तशीच कलली होती, तसाच आवाज येत होता. सासूबाई कामाला लागल्या होत्या.

मामीने डोळे उघडले. “आपण कुठे चाललोय?”

“तुझ्या बहिणीकडे.” त्याला रडूच आलं. “दुखतंय का?”

“कुठे चाललोय आपण?”

“अगं, तुझ्या बहिणीकडे. बोटीने.”

तिने थोडा वेळ छताकडे पाहिलं. मग त्याच स्वरात, जणू पहिल्यांदाच सुचल्यासारखं विचारलं, “आपण कुठे चाललोय?”

रक्त थांबवता येतं, पण हे कसं थांबवायचं? तो दर वेळी उत्तर देत राहिला आणि ती दर वेळी विचारत राहिली. मधेच तिला उलटी झाली. मग ती म्हणाली, “सासूबाईंना चहा दिलात का?”

ती यंत्राबद्दल बोलत होती की आजीबद्दल, हे मामाला कळेना. विचारायचं धाडसही होईना.

“दिला,” तो म्हणाला.

“साखर कमी?”

“कमी.”

मोबाइलला रेंज नव्हती. भिंतीवर वायरलेस होता. मामीने त्याला तो वापरायला शिकवला होता, पण मामाने शिकताना सगळं लक्ष हा कधीच वापरावा लागू नये यावरच ठेवलं होतं. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. त्याने बटण दाबलं आणि जे तोंडात आलं ते बोलत सुटला. बायको, डोकं, रक्त, वाचवा. बोलून झालं तरी बटण सोडायचं त्याला सुचलं नाही. पलीकडे कुणीच नाही असं त्याला वाटलं. हाताला घाम येऊन बटण आपोआपच सुटलं, तेव्हा एका माणसाचा आवाज आला, “...ऐकू येतंय, बटण सोडा. ऐकू येतंय तुमचं. बटण सोडा.”

तो किनाऱ्यावरच्या बचाव केंद्रातला वायरलेसवाला होता. आवाज जाड, झोपेतून उठल्यासारखा, पण घाई नसलेला. त्याने मामीबद्दल विचारलं. शुद्धीवर आहे का, हातपाय हलतात का. झोपली तर दर थोड्या वेळाने हाक मारून बघा म्हणाला. बोट पाठवतो म्हणाला. मग विचारलं, “तुमच्याशिवाय बोटीवर कोण?”

“कुणी नाही.”

“घाबरलात?”

“लहानपणापासून,” मामा म्हणाला.

पलीकडून तो माणूस म्हणाला, “बरं. तुमची जागा सांगा. छोटं यंत्र असेल, त्यावर आकडे दिसतील.”

मामाने आकडे वाचले.

“पुन्हा वाचा.”

मामाने पुन्हा वाचले. एकेक आकडा सावकाश.

“तुम्ही कुठल्या दिशेला चाललाय?”

“दक्षिणेला.”

“होकायंत्र बघून सांगताय?”

“नाही. पण बोट स्वतःच चालते. यंत्र आहे. पहिल्यापासून तशीच चाललीय, काहीच बदललेलं नाही.”

“बाहेर जा,” तो आवाज म्हणाला, आणि आता त्यात झोप नव्हती. “होकायंत्र बघा. दीपगृह कुठल्या हाताला आहे ते बघा आणि मला सांगा. आत्ता.”

मामा पायऱ्या चढला. वर सगळं जसंच्या तसं होतं. वारा डाव्या गालावर, शीड उजवीकडे, दांडा आपला हलतोय. त्याने डावीकडे पाहिलं. डावीकडे काळोख. पुन्हा पाहिलं. दीपगृह डावीकडे नव्हतंच. उजवीकडे होतं. मोठं झालेलं, जवळ आलेलं, दिव्याची धार फिरून शिडावरून जात होती. होकायंत्रावर पूर्व दिसत होती.

सासूबाईंनी काही चूक केली नव्हती. त्यांना दक्षिण ठाऊक नव्हती, दीपगृह ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच सांगितलं होतं, की वारा डाव्या हाताला ठेव. वारा पडला आणि परत आला तो जमिनीकडून नाही, उत्तरेकडून. सासूबाईंनी इमानाने वारा डाव्या हाताला ठेवला आणि बोट वळवून थेट जमिनीकडे, खडकांच्या मधे घातली. आत केबिनमध्ये मामाला काहीच कळलं नाही, कारण बोटीच्या दृष्टीने काही बदललंच नव्हतं. बदललं होतं ते आजूबाजूचं सगळं जग.

आणि मग त्याला ऐकू आलं. पाण्याची कुजबूज नव्हे. तिच्या पलीकडून, समोरून कुठूनतरी, दगडांची गाडी रिकामी करावी तसा आवाज. थांबायचा आणि पुन्हा यायचा.

मामा तिथेच पायरीवर बसला. तो मला नेहमी म्हणतो, की लोक सांगतात, संकटात माणसाला बळ येतं. “मला नाही आलं. माझं होतं तेही गेलं. मी बसलो आणि डोळे मिटले.” किती वेळ मिटले ते त्याला सांगता येत नाही. खालून मामीचा आवाज आला, “आपण कुठे चाललोय?” आणि पहिल्यांदा मामाकडे त्याचं खरं उत्तर होतं, आणि ते तिला सांगवत नव्हतं.

तो खाली उतरला. वायरलेसमध्ये म्हणाला, “उजवीकडे आहे.”

“वळा. लगेच. आल्या वाटेने बाहेर, पश्चिमेला. इंजिन आहे?”

इंजिन होतं. मामाने किल्ली फिरवली. ते खोकलं आणि बंद पडलं. पुन्हा फिरवली, या वेळी खोकलंही नाही.

“मग शिडावर वळा. वळवता येतं?”

येत नव्हतं. मामीने शिकवलं होतं, पण सगळं डोक्यातून पुसून गेलं होतं. दांडा एका बाजूला ढकलला की बोट दुसरीकडे जाते, एवढं आठवत होतं. पण कुठे ढकलायचा? चुकीच्या बाजूला वळलो तर ती काठी पुन्हा तशीच गर्रकन फिरेल, या वेळी माझ्या डोक्यावर, आणि मग दोघंही गेलो. त्याने मामीचा हात धरला.

“अगं ऐक. शीड उजवीकडे आहे. मला वाऱ्याच्या तोंडावरून वळायचंय. दांडा कुठे ढकलू?”

तिने डोळे उघडले नाहीत. आज कोणता वार हे तिला सांगता आलं नसतं, आपण कुठे आहोत हे सांगता येत नव्हतं. पण ती लगेच, बंदरातल्या खड्या आवाजात म्हणाली, “शिडाकडे. आणि घाबरत घाबरत नाही, पूर्ण.”

मामा वर गेला. पट्ट्याचा हूक लावला. सासूबाईंचे दोर दांड्याला एका छोट्या साखळीने अडकवलेले होते. साखळी खाचेतून उचलली की सुटते. ती उचलायला त्याच्या बोटांनी फार वेळ घेतला. साखळी सुटली तसा दांडा जिवंत होऊन त्याच्या हातात धडपडायला लागला. त्याने तो उजवीकडे, शिडाकडे ढकलला.

घाबरत घाबरत ढकलला. बोटीचं तोंड वळायला लागलं, वाऱ्याच्या समोर आलं आणि तिथेच थांबलं. शिडं अशी फडफडली, की पत्र्याच्या छपरावर कुणी नाचतंय असं वाटावं. बोट उभीच राहिली, मागे सरकली, आणि हळूच पुन्हा आधीच्याच बाजूला पडून खडकांकडे चालायला लागली.

दगडांचा आवाज आता मोठा होता. दिव्याची धार फिरली तेव्हा समोर पांढरं काहीतरी वर उडून खाली बसताना त्याला दिसलं.

मामाला ओरडावंसं वाटत होतं आणि तो ओरडतच होता, असं त्याला मागाहून घसा बसल्यावर कळलं. त्याने बोटीला पुन्हा वेग घेऊ दिला. हे सगळ्यात कठीण होतं. वेग घ्यायचा म्हणजे त्या पांढऱ्याकडेच जायचं. पाण्याचा आवाज वाढेपर्यंत तो थांबला. मग दोन्ही हातांनी, अख्ख्या अंगाचा भार टाकून, त्याने दांडा उजवीकडे लोटला आणि डोकं गुडघ्यांत घातलं.

काठी त्याच्या पाठीवरून गेली. पुढचं छोटं शीड उलट्या बाजूने फुगलं आणि त्याने बोटीचं तोंड ढकलून पलीकडे नेलं. मामाने त्या शिडाचा एका बाजूचा दोर सोडला, दुसऱ्या बाजूचा ओढला, हातांची सालटी निघाली. आणि मग वारा उजव्या गालावर लागला. होकायंत्र फिरत फिरत पश्चिमेवर आलं. आवाज मागे पडत गेला. पण तो ऐकू येईनासा होईपर्यंत मामाने एकदाही वळून पाहिलं नाही.

आता मोठा प्रश्न. खाली मामी, वर दांडा. दांडा सोडला तर बोट भरकटणार. धरून बसलो तर तिच्याकडे कोण बघणार? मागे सासूबाई रिकाम्या उभ्या होत्या. मामाने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्यावर विसंबून खाली गेलो म्हणूनच हे झालं. आणि तरी त्यांच्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्याने पात्याची धार वाऱ्याकडे केली, साखळी खाचेत अडकवली, थोडा वेळ बघत राहिला. दांडा हलला. बोट सरळ.

उरलेली रात्र तो वर-खाली करत राहिला. वर जाऊन होकायंत्र बघायचं, दीपगृह बघायचं, वाऱ्याला गाल द्यायचा. खाली येऊन मामीला हाक मारायची. ती झोपली की तिला उठवायचं, ती उठली की प्रश्न विचारायची, तो उत्तर द्यायचा. मधूनमधून वायरलेसवाला विचारायचा, “आहात ना?” मामा म्हणायचा, “आहोत.” अंगावरचे कपडे घामाने आणि खाऱ्या पाण्याने कडक झाले होते. भीती एकदाही कमी झाली नाही. तो म्हणतो, “फक्त तिला सवय झाली, मी काम करतोय त्याची.”

फटफटायला लागलं तेव्हा बचाव केंद्राची बोट आली. दोघेजण उडी मारून चढले. एकाने दांडा घेतला, दुसरा मामीकडे गेला. दांडा घेणाऱ्याने मामाला बसायला सांगितलं. मामा म्हणाला, “आधी साखळी काढा. ते वाऱ्याचं ऐकतं, आपलं नाही.”

दवाखान्यात कळलं, डोक्याच्या आत थोडा रक्तस्राव झाला होता. ऑपरेशन लागलं नाही. मामी पडून राहिली, मग बसायला लागली, मग एक दिवस तिने तोच प्रश्न विचारला नाही. पुढे सगळं आठवायला लागलं. ती रात्र सोडून. ती तिच्यासाठी नव्हतीच. वास येणंही गेलं, ते अजून पुरतं परत आलेलं नाही. दूध नासलंय का हे मामालाच विचारावं लागतं.

पण घरी आलेली मामी वेगळी होती. ती घाबरायला लागली होती. दार आपटलं की दोन्ही हात डोक्यावर जायचे. दिवा मालवला की ती उठून बसायची. न्हाणीघराचं दार लोटून घ्यायला तयार नसायची. लोक समाचाराला यायचे आणि म्हणायचे, “अगं तू? तू कशाला घाबरतेस? तू तर वाघीण!” त्यावर ती भिंतीकडे तोंड करायची. माझ्या आईनेही तेच म्हटलं, मीही म्हटलं.

एकट्या मामाने कधीच म्हटलं नाही. या एका विषयात त्याच्याइतका जाणकार आमच्यात कुणी नव्हता. ‘घाबरू नकोस’ म्हटल्याने भीती जात नाही, उलट तिला लाज चिकटते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो रात्री बाहेरच्या खोलीतला दिवा चालू ठेवायचा आणि वीजबिलाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. आवाज करण्याआधी सांगायचा. “आता मिक्सर लावतोय हं.” “आता कुकरची शिट्टी होईल.” दुकानात खुर्चीवर कापड ठोकायला स्टेपल गन चालवायची असली की आधी फोन करून सांगायचा, कारण घर दुकानाच्या वरच होतं आणि मधल्या जिन्यावरून तो आवाज वर मामीपर्यंत यायचा. ती म्हणायची, “तुम्हाला कंटाळा नाही येत?” तो म्हणायचा, “मला स्वतःला हे सगळं रोज सांगावं लागतं. त्यातच तुलाही सांगतो.”

बोट तिने विकली. एका शाळामास्तराने घेतली. मामाने त्याला धक्क्यावर नेऊन सासूबाईंचं काम इतक्यांदा समजावलं, की तो बिचारा शेवटी म्हणाला, “काका, मी फिजिक्स शिकवतो.” मामाने तरी आणखी एकदा सांगितलं.

लाँचवर परत जायला मामीला वर्षाच्या वर लागलं. पहिल्या दिवशी मी गेले होते. मामाही आला होता, पट्टा बांधून. ती चाकाशी उभी राहिली आणि तिचे हात थरथरत होते. मामा मागच्या बाकावर जीव मुठीत धरून बसला होता. मधे पाचसहा मेकॅनिक आपापल्या हत्यारांच्या पेट्या घेऊन गप्पा मारत होते. त्यांना कल्पनाही नव्हती, की आजची लाँच दोन घाबरलेल्या माणसांच्या भरवशावर चालली आहे.

“आता भोंगा वाजेल हं,” मामाने मागून ओरडून सांगितलं.

“अहो, माहितीये,” मामी पुढून ओरडली. “मीच वाजवणारे.” आणि तिने वाजवला.